सरासरीने मोजणारा माणूस : वि. म. दांडेकर

प्रश्न असा होता : "दारिद्र्यरेषा, विदर्भाचा अनुशेष आणि पीक विमा या तिन्ही चर्चांमध्ये 'दांडेकर' हे नाव येतं. हे एकच दांडेकर का? आणि त्यांनी नेमकं काय केलं?"

एकच. विनायक महादेव दांडेकर, जन्म १९२० चा, साताऱ्याचा. १९९५ मध्ये गेले. मी कृषी सांख्यिकीत नोकरी केली. पीक कापणीचे प्रयोग, पाहणीच्या अनुसूच्या म्हणजे प्रश्नावल्या, आकड्यांची छाननी, यातच केस पांढरे झाले. त्यामुळे दांडेकरांशी माझी ओळख वर्गात झाली नाही, बांधावर झाली. त्यांनी सुचवलेल्या पद्धतीने आम्ही वर्षानुवर्षं मोजमाप करत होतो आणि तिच्यावरून शेतकऱ्यांची बोलणीही खात होतो. हे उत्तर त्या बाजूने लिहिलेलं आहे.

दांडेकर मूळचे संख्याशास्त्राचे. १९४५ च्या सुमारास ते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये आले. ही संस्था १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि पहिल्या दिवसापासून अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक होते. गाडगीळांची शिस्त सरळ होती. अर्थशास्त्र करायचं असेल तर आधी जा आणि विचारून या. पुण्यातला फळबाजार, वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च, मुंबई इलाख्यातली मोटार-बस वाहतूक, असल्या विषयांवर या संस्थेने तिसाव्या-चाळिसाव्या दशकांत पाहण्या केल्या. तेव्हा बाकीचे विद्वान हुंडणावळीच्या, म्हणजे चलनाच्या अदलाबदलीच्या, दरावर वाद घालत होते. दांडेकरांनी या पायपिटीला नमुना-निवडीचं शास्त्र जोडलं. कोणती गावं घ्यायची, किती घरं घ्यायची आणि उत्तर कितपत चुकू शकतं, हे आधी ठरवायचं आणि मग निघायचं.

१९५०-५१ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची, म्हणजे काही गावं आणि घरं निवडून देशाचा अंदाज घेणाऱ्या सरकारी पाहणीची, पहिली फेरी झाली तेव्हा देशभरातून १,८३३ गावं निवडली होती. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या कलकत्त्याच्या संस्थेने एक प्रश्नावली केली आणि पुण्याने दुसरी. ही 'पुणे अनुसूची' आणि तिच्यावरचा अहवाल हे दांडेकरांचं सुरुवातीचं मोठं काम. आज कुणाला त्याची आठवण नाही. पण एकाच देशाला दोन प्रश्नावल्या लावून पाहिल्या की प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती हलतं ते कळतं. ज्याने हे एकदा पाहिलं तो आकड्याला देव मानत नाही.

त्या काळातलं त्यांचं आणखी एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं : मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळ कायद्याची तपासणी. खुदनपुरांबरोबर केलेला तो अहवाल १९५७ मध्ये आला. कायदा कागदावर उत्तम होता. दप्तर पाहिलं तर ठिकठिकाणी कुळांनी जमिनी 'स्वखुशीने' सोडल्याच्या नोंदी. आता महाराष्ट्रातलं कोणतं कूळ स्वखुशीने जमीन सोडतं? कायदा गावात पोचलाच नव्हता, हे या तपासणीतून उघड झालं. याच वर्षांत जगतापांबरोबर महाराष्ट्राच्या ग्रामीण समाजरचनेचा अभ्यासही त्यांनी मराठीत लिहिला. इंग्रजीत लिहून मोकळं व्हायची सोय असताना त्यांनी मराठीत लिहिलं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

१९६६ मध्ये गाडगीळांनंतर ते संचालक झाले आणि १९८० पर्यंत राहिले. मधल्या काळात गाईगुरांवरून परदेशी मानववंशशास्त्रज्ञांशी त्यांचा खमंग वाद झाला. गोवध न करण्यामागे शेतकऱ्याचं आर्थिक शहाणपणच आहे, असं ते विद्वान म्हणत. दांडेकरांचं म्हणणं, चाऱ्याविना हाडं निघालेल्या गुरांची संख्या हे कसलं शहाणपण. पण प्रश्न त्या तीन नावांचा आहे, तिकडे वळतो.

पहिली गोष्ट दारिद्र्यरेषेची. इथे एक गैरसमज आधी दूर करतो. गरिबीची किमान मर्यादा ठरवायचा पहिला सरकारी प्रयत्न दांडेकरांचा नाही. १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या पुढाकाराने बसलेल्या एका गटाने १९६०-६१ च्या किमतींना माणशी महिना २० रुपये हा आकडा काढला होता, आणि गाडगीळ त्या गटात होते. पण २०च का, याचं उलगडून दाखवता येईल असं गणित त्यामागे दिसत नव्हतं. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ते गणित मांडलं. रथ मूळचे ओडिशाचे, पण आयुष्य पुण्यात काढलेले. जानेवारी १९७१ मध्ये एका आर्थिक साप्ताहिकाच्या सलग दोन अंकांत हा अभ्यास छापून आला आणि त्याच वर्षी त्याचं पुस्तक झालं.

गणित असं. नमुना पाहणीत कुटुंबांचे खर्चाप्रमाणे गट पाडलेले असतात. महिन्याला माणशी आठ रुपयांपर्यंत खर्च करणारे, मग त्याच्या वरचे, असं चढत जायचं. प्रत्येक गटातली माणसं किती ज्वारी, किती तांदूळ, किती डाळ, किती तेल खातात ते तक्त्यात असतं. त्याच्या कॅलरी काढायच्या. चढत जाताना ज्या गटाची सरासरी माणशी रोजच्या २,२५० कॅलरींना टेकते तिथे थांबायचं आणि त्या गटाचा एकूण खर्च किती ते पाहायचं. ती रेषा. १९६०-६१ च्या किमतींना ती खेड्यात महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात सुमारे साडेबावीस रुपये निघाली. तिच्याखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक होते.

इथे नवशिके दोन ठिकाणी चुकतात. त्यांना वाटतं की हा २,२५० कॅलरींच्या स्वस्तात स्वस्त जेवणाचा खर्च आहे. तसं नाही. त्या गटातली माणसं प्रत्यक्षात कापडावर, सरपणावर, चहाविडीवर जे खर्च करतात ते सगळं त्यात आहे. गरीब माणूस आहारतज्ज्ञाच्या यादीप्रमाणे जगत नाही, हे या पद्धतीत गृहीत धरलेलं आहे. दुसरी चूक जास्त महागात पडते. २,२५० ही गटाची सरासरी आहे. रेषेखालचा प्रत्येक जण अर्धपोटी आहे आणि वरचा प्रत्येक जण पोटभर जेवतो, असा तिचा अर्थ नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

दिल्लीला धक्का बसला तो ४० टक्क्यांचा नव्हे. साठच्या दशकात देशाचं उत्पन्न जे थोडंफार वाढलं ते तळाच्या लोकांपर्यंत गेलंच नाही, शहरातल्या सगळ्यात गरीब थराची स्थिती तर खालावली, हा खरा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मार्चमध्ये 'गरिबी हटाव'वर निवडणूक झाली. त्यामुळे हा अभ्यास घोषणेसाठी केला असं काहींना वाटतं, पण लेख आधीचे आहेत. उपाय म्हणून दोघांनी जमिनीच्या फेरवाटपावर भर दिला नाही, कारण वाटायला पुरेशी जमीनच नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा भर होता ग्रामीण सार्वजनिक कामांवर : मागेल त्याला काम, आणि त्याचा खर्च वरच्या थराने सोसायचा. यावरून रोजगार हमी योजना दांडेकरांची, असं विधान मी अनेकदा ऐकलं आहे. ते बरोबर नाही. ती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. दोन वाटांनी दोन माणसं एकाच जागी पोचली, इतकंच.

पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी धरल्या. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीने कॅलरीचा खुंटा सोडून दिला. आकडे बदलले, पण प्रत्यक्ष खर्चाच्या तक्त्यावर बोट ठेवून रेषा ओढायची रीत दांडेकर-रथांपासूनच रुळली.

आता वाद. पां. वा. सुखात्मे हे दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ, आणि तेही सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची कॅलरीची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक वरखाली होते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरवला तर भुकेलेल्यांची संख्या फुगते. म्हणून सरासरीच्या बरंच खाली रेघ मारा. दांडेकरांनी १९८१-८२ च्या सुमारास याला सविस्तर उत्तर दिलं. आम्ही उपाशी माणसं मोजतच नाही, गरीब माणसं मोजतो, असा त्याचा गाभा. कुपोषण ही एकेका शरीराची गोष्ट आहे, दारिद्र्य ही एका थराची. थराची सरासरी गरजेपर्यंत पोचत नसेल तर तो थर गरीब, मग त्यातला एखादा काटक गडी कमी खाऊन धडधाकट का असेना. माझं मत विचाराल तर शरीरशास्त्र सुखात्म्यांच्या बाजूने थोडंफार होतं, पण धोरणाच्या दृष्टीने दांडेकरांचं बरोबर होतं. सुखात्म्यांच्या रेघेचा पहिला फायदा अर्थखात्याला झाला असता.

यात एक गंमत आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. दांडेकरांचं पुढचं मोठं काम, म्हणजे पीक विमा, उभं राहिलं ते सुखात्म्यांच्या खांद्यावर.

भारतात पीक विम्याची चर्चा जुनी. म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्तींनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच पावसावर आधारित विम्याची योजना मांडली होती. स्वातंत्र्यानंतर समित्या बसल्या, उठल्या. १९७२-७३ पासून गुजरातमध्ये एच-४ या संकरित कापसासाठी प्रत्यक्ष विमा सुरू झाला, प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतातलं नुकसान पाहून भरपाई द्यायची अशा पद्धतीने. १९७८-७९ पर्यंत, नंतर जोडलेली पिकं आणि राज्यं धरूनही, ३,११० शेतकरी, हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई गेली ३७.८८ लाख.

हे का झालं ते बांधावर उभं राहिलं की लगेच कळतं. ज्याचं रान पाणथळ किंवा खडकाळ तोच आधी विमा घेतो. विमा घेतल्यावर दुसरी खुरपणी करायची का नाही याचा विचार सुरू होतो. नुकसान पाहायला आलेल्या माणसाला चहा, मग जेवण, मग आणखी काही. आणि दहा गुंठ्यांच्या तुकड्यासाठी एवढी यंत्रणा फिरवायची तर हप्त्यापेक्षा प्रवासभत्ता मोठा.

दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडलेला उपाय एका वाक्यात सांगता येतो. शेतकऱ्याचं शेत पाहूच नका, परिसराचं पाहा. एकसारख्या पाऊसपाण्याच्या एका क्षेत्रात त्या पिकाचं सरासरी उत्पन्न नेहमीपेक्षा किती घटलं ते काढा आणि त्या प्रमाणात क्षेत्रातल्या प्रत्येक विमेदाराला भरपाई द्या. नेहमीचं म्हणून धरलेलं, म्हणजे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १,२०० किलो आणि यंदा ९०० निघालं तर घट २५ टक्के, मग विमा रकमेच्या २५ टक्के सगळ्यांना. आता आळस करून उपयोग नाही, कारण एकट्याच्या आळसाने क्षेत्राची सरासरी हलत नाही. उलट नीट खुरपणी केलेल्याला पीकही जास्त आणि भरपाईही तेवढीच. आणि घरोघर निरीक्षक नको. पीक कर्जाबरोबरच विमा जोडला की हप्ता गोळा करायची वेगळी व्यवस्थाही नको.

पण परिसराची सरासरी आणायची कुठून? ती आधीच तयार होती. चाळीसच्या दशकात सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची यादृच्छिक, म्हणजे कुणाच्या मर्जीने नव्हे तर चिठ्ठी टाकल्यासारखी जागा निवडायची, पद्धत देशभर रुजवली होती. महालनोबिस लहान गोल तुकडे कापायच्या बाजूचे, हे दोघे मोठ्या आयताकृती प्लॉटच्या बाजूचे, आणि त्या भांडणात आयत जिंकला. राज्याराज्यांत हे प्रयोग दरवर्षी होतच होते. दांडेकरांनी नवीन यंत्रणा मागितलीच नाही.

हा प्रयोग कसा होतो ते एकदा सांगतो. गाव आणि सर्व्हे नंबर आधीच नमुन्यातून ठरलेले असतात. शेतावर जायचं, नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची. तक्त्यातले यादृच्छिक आकडे घेऊन तितकी पावलं लांबीकडे, तितकी आत रुंदीकडे. जिथे पाय थांबेल तिथे पहिली खुंटी. तिथून १० मीटर बाय ५ मीटरचा आयत दोरीने आखायचा. चौकोन तिरका झाला नाही ना हे पाहायला कर्ण मोजायचा, तो ११.१८ मीटर भरला पाहिजे. मग आतलं सगळं पीक कापून, मळून, उफणून, तोलायचं. समजा सोयाबीन ६.४ किलो निघालं. आयत ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टराचा दोनशेवा भाग. दोनशेने गुणलं की हेक्टरी १,२८० किलो. ओलावा असतो म्हणून थोडा माल वाळवून पुन्हा वजन.

कागदावर हे साधं आहे. प्रत्यक्षात खुंटी नेमकी शेतातल्या सगळ्यात भरदार पट्ट्यात पडते आणि बांधावरचे दहा जण ओरडतात, "साहेब, तिकडं घ्या ना, त्या कोपऱ्यात काय बी नाही." मी नोकरीला लागलो त्या पहिल्या खरिपात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "माझं सगळं गेलं, शेजाऱ्याचं आलं, तर मला काय?" मी त्याला सरासरी समजावून सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे शेजाऱ्याचं आलं म्हणून माझं गेलंच न्हाई." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गारपीट एका शिवारात होते, दुसऱ्यात नाही. ओढ्याकाठचं रान वाहून जातं, माळावरचं तरतं. याला आमच्या भाषेत आधार-जोखीम म्हणतात, आणि ती परिसर पद्धतीच्या पोटातच आहे. दांडेकरांना ती ठाऊक नव्हती असं समजू नका. क्षेत्र एकसारखं असलं पाहिजे, ही अट त्यांच्या मांडणीत पहिल्यापासून आहे. ती अट सरकारी सोयीने पाळली गेली नाही आणि एकक म्हणून आख्खा तालुका धरला गेला.

१९७९ मध्ये त्यांच्या पद्धतीवर पथदर्शी योजना निघाली. तिच्यात हप्त्यापेक्षा भरपाई कमी गेली, म्हणजे हिशेब जमला. १९८५ मध्ये देशव्यापी योजना आली आणि तिथे बिघडलं. हप्त्याचा दर राजकारणाने ठरवला, तृणधान्यांना २ टक्के, डाळी-तेलबियांना १ टक्का, जोखीम कुठे कितीही असो. १९९९ पर्यंत हप्ता जमला सुमारे ४०३ कोटी आणि भरपाई गेली सुमारे २,३०३ कोटी, त्यात गुजरातच्या भुईमुगाचा वाटा फार मोठा. याचं खापर काही जण परिसर पद्धतीवर फोडतात. मला ते मान्य नाही. मोजमाप दांडेकरांचं होतं, दर त्यांचा नव्हता. २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही मुख्य गाडा त्याच चाकावर चालतो. एकक लहान होत महसूल मंडळापर्यंत, काही पिकांना ग्रामपंचायतीपर्यंत आलं, आणि स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पंचनाम्याची खिडकी उघडली. म्हाताऱ्याच्या प्रश्नाला एवढं अर्धं उत्तर मिळायला चाळीस वर्षं लागली.

तिसरं नाव अनुशेषाचं. १९५३ च्या नागपूर करारात मराठी राज्यात येणाऱ्या विदर्भाला निधीचा वाटा कबूल केला होता, आणि तो मिळत नाही ही विदर्भाची तक्रार होती. १९८३ मध्ये राज्य सरकारने दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि १९८४ मध्ये अहवाल आला. पद्धत पुन्हा तीच. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्याखाली, त्याला सरासरीवर आणायला लागणारा पैसा म्हणजे त्याचा अनुशेष. जो वर आहे त्याचं जास्तीचं मोजायचं नाही. बेरीज झाली ३,१८६.७८ कोटी. त्यात विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी.

या शेवटच्या आकड्याने गहजब झाला. मागास कोण हे ठरवायला समिती बसली आणि पश्चिम महाराष्ट्र-कोकणालाही विदर्भाच्या जवळपास जाणारा अनुशेष निघाला! विदर्भवाद्यांना ही हातचलाखी वाटली. आकडेमोड म्हणून पाहिलं तर तीत खोट नाही. एकक प्रदेश न धरता जिल्हा धरला की रत्नागिरीचं सिंचन आणि यवतमाळचं सिंचन एकाच रांगेत येतात. पण लोकांचं भांडण प्रदेशांमधलं होतं आणि उत्तर जिल्ह्यांमधलं मिळालं. एकक बदललं की प्रश्नच बदलतो, हे नमुना पाहणीत मुरलेल्या माणसाला नक्की कळत होतं. समितीने ते जाणून केलं, असं मला वाटतं. दहा वर्षांनी प्रदेशवार विकास मंडळं आली आणि नव्या समितीने अनुशेष पुन्हा मोजला, तोवर तो सुमारे १४ हजार कोटींवर गेला होता. आणि जिल्हा हेसुद्धा मोठंच एकक आहे, तालुका धरा, ही मागणी तेव्हापासून आजवर चालू आहे. दांडेकरांच्याच साताऱ्याचं पाहा. कऱ्हाड, वाईचं पाणी जिल्ह्याची सरासरी वर उचलतं आणि त्या सरासरीआड माण आणि खटाव हे कोरडे तालुके झाकले जातात. सुखात्म्यांचं बुध खटाव तालुक्यात येतं.